हुंकार देणारं माणूस

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हल्ली मला बघून कुणी ओळखत नाही. परवा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या मुलीनं मला ओव्हन समजून माझं दार शोधलं. तिला दार काही सापडलं नाही. मला राग आला, पण येऊन उपयोग काय? माझ्या डोक्यावर कोंबडी बसते आणि मागच्या फुगीर भागात उंदरांनी बिऱ्हाड केलं आहे. ज्याच्या पोटात उंदीर राहतात त्यानं फार ऐट करू नये.

माझा मुक्काम शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या बाहेरच्या एका वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. शेजारी कडबा कापायचं यंत्र आहे. ते फक्त सकाळी बोलतं, आणि तेव्हा दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. पण एके काळी मी घरात होतो बरं का. पडवीत, मधोमध, लाकडी टेबलावर. अंगावर विणलेलं झाकण होतं. घरात पाहुणा आला की आधी माझ्याकडे बघायचा आणि मग घरच्या माणसांकडे.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुठल्या कारखान्यात ते विचारू नका, कारण तेव्हा मला काच बसवलेली नव्हती आणि काही दिसत नव्हतं. पुढे मला थर्माकोलात कोंबलं, खोक्यात घातलं, आणि खोकं उघडलं ते एकदम शिरूरच्या दुकानात. समोर एक उंच, वाळका माणूस उभा होता. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. मेंढी घेताना दात बघतात तसं त्यानं माझं एकेक बटण दाबून बघितलं. मग दुकानदाराला म्हणाला, हाच द्या. हे म्हस्कू आबा. मला त्यांनी त्या घोंगडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, टेम्पोतून घरी आणलं. कोकरू आणल्यासारखंच आणलं म्हणा ना. मला लोकरीचा वास लागला तो कितीतरी दिवस गेला नाही.

हे घर मेंढपाळांचं. आबांचा बाप, आजा, सगळे मेंढरांमागे फिरलेले. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं. रानात जिथं मुक्काम पडे त्याला ही माणसं वाडा म्हणतात. पण चराईची रानं उसाखाली गेली, कुंपणं पडली, आणि पोराची शाळा बुडायला लागली. आबांनी मेंढरं विकली. मी घरात आलो तो त्याच वर्षी. पहिल्या आठवड्यात आबा माझ्यासमोर बसायचे आणि त्यांचं लक्ष दाराकडे असायचं. दारात बसायला कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं.

मग हळूहळू ते सिनेमे बघायला लागले, आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको अनसाबाई.

आता अनसाबाईविषयी सांगितलं पाहिजे. मित्रांनो, सिनेमावर मत देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण अशी बाई पाहिली नाही. नटनट्यांपैकी एकाचंही नाव तिला माहीत नव्हतं. उंच तो 'लांबड्या', देखणा तो 'दुधातला'. गाणं लागलं की ती उठून चहा ठेवायला जायची, त्यामुळे जन्मात तिनं एक गाणं पाहिलं नाही. आणि सिनेमातली सगळी प्रेमं नेमकी गाण्यातच होतात. म्हणून तिला कायम प्रश्न पडायचा की मगाशी एकमेकांवर डाफरणारी ही दोघं चहा होईपर्यंत लग्नाला कशी तयार झाली. असल्या घाईच्या सोयरिकी टिकत नाहीत, असं तिचं मत होतं.

मोठ्या घराचा सिनेमा असला की तिची नजर त्या गोल जिन्यावर. एवढा जिना, झाडतं कोण? शेतातली नायिका असली की ती हात बघायची आणि म्हणायची, हिनं खुरपं धरलेलं नाही, धरलं असतं तर असं पातेल्यासारखं धरलं नसतं. खलनायक तिला आवडायचा. सगळ्या सिनेमात कामाचं माणूस तेवढं एकच, असं ती ठामपणे सांगायची. तो पहाटे उठतो, माणसांना नावानं हाका मारतो, दिलेलं काम झालं का ते विचारतो. नायक नुसता हिंडतो आणि आईला रडवतो. दक्षिणेकडच्या सिनेमाला आपल्याकडची भाषा चिकटवलेली असते ना, ते तिला अजिबात खपायचं नाही. तोंड एकीकडं, बोलणं दुसरीकडं. अशा माणसाचा विश्वास धरू नये, ती म्हणायची.

आबांचं मत एकाच गोष्टीवर ठरायचं. सिनेमात जनावर असेल तर ते शेवटपर्यंत जगतं का? कुत्रं मेलं की तो सिनेमा त्यांच्या लेखी बाद. एकदा नायक कोकरू उचलून मेंढीपुढे ठेवतो आणि सगळे डोळे पुसतात, असा प्रसंग होता. आबा म्हणाले, ते तिचं कोकरू नव्हे, ती वास घेऊन मान फिरवतेय बघ. आणि खरंच, ती मान फिरवत होती. मी दाखवत होतो तरी मला दिसलं नव्हतं.

त्या काळी लाईटचा भरवसा नव्हता. सिनेमा रंगात आला की लाईट जायची. म्हणजे शेवट गेला. पडवीत अंधूक व्हायचं, अनसाबाई कपाळाला हात लावायची, आणि आबा पटका सावरून म्हणायचे, "थांब, फुडचं मी सांगतो."

आणि ते सांगायचे. काय सांगायचे म्हणता? सिनेमा फौजदाराचा असो, डाकूचा असो, शहरातल्या गुंडाचा असो, आबांच्या शेवटात तो नायक कंटाळून नोकरी सोडायचा, मेंढरं घ्यायचा आणि घाट उतरायचा. नायिका वाड्यावर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची. हरवलेला भाऊ घाटाच्या पायथ्याशी भेटायचा. कुत्रं तर हमखास जिवंत असायचं.

या सांगण्याला एक नियम होता. वाड्यावर शेकोटीपाशी गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं असतं. याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार आला की सांगणारा पुढचं वाक्य बोलतो. नाही आला की गोष्ट तिथंच थांबते, मग ती राजाची असो की राक्षसाची. कारण समोरचं झोपलं असेल तर गोष्ट वाया घालवायची कशाला? अनसाबाई हुंकार द्यायची, पण कशी? "हूं. आन् त्या फौजदाराला मेंढरं वळता तरी येत्यात का?" आबा म्हणायचे, येत्यात. "हूं. खोटं हाय समदं. मेला आसंल त्यो." अशी दोघांची जुंपायची. भांडण म्हणा, गोष्ट म्हणा, लाईट येईपर्यंत चालायचं. मी काळी काच घेऊन गप्प बसायचो आणि खरं सांगू का, तेव्हा मला माझा अपमान वाटायचा.

पुढे लाईट सुधारली. मुलगा शंभू कुरकुंभच्या केमिकल कंपनीत लागला. त्याच्या शिफ्टा सुरू झाल्या, लग्न झालं, रुपाली सून म्हणून घरात आली, नातवंडं झाली. आता सिनेमा शेवटापर्यंत दिसू शकत होता. पण झालं काय, की शेवट जवळ आला की आबाच उठायचे आणि माझं बटण बंद करायचे. पुरं, म्हणायचे, पुढचं मी सांगतो. अनसाबाई कुरकुर करायची आणि मांडी सावरून बसायची. अशी कितीतरी वर्षं त्या बाईनं एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. पाहावा असं तिला वाटलंही नाही.

मग एका सकाळी आबांच्या अंगावरून वारं गेलं. गोठ्याकडे जाताना खाली बसले ते उठलेच नाहीत. दौंडच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. तोंड हलायचं, शब्द यायचा नाही. माझ्यासमोर खाट टाकली. त्या दिवशी दुपारी मी असाच एक चिकटवलेल्या भाषेचा सिनेमा दाखवत होतो. अनसाबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आबांच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघितलं, आणि उठून चॅनेल बदललं. त्यानंतर असल्या सिनेमाला तिनं कधी नाव ठेवलं नाही. लावलाही नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलत राहा, त्यांना ऐकू येतंय. वाचा येईल की नाही ते आम्ही सांगू शकत नाही. शंभूनं पहिलं वाक्य ऐकलं. अनसाबाईनं दुसरंही ऐकलं होतं.

तिनं काय करावं? रोज दुपारी सिनेमा लावायचा, शेवट जवळ आला की मला बंद करायचं, आणि खाटेकडे तोंड करून विचारायचं, मंग? फुडं काय झालं? आबा तिच्याकडे बघायचे. जीभ टाळूला लागायची आणि तशीच राहायची. डोळ्यांच्या कडेनं पाणी यायचं. काही दिवसांनी तिनं विचारणं सोडलं. त्यांना शब्द जमत नाही तर नको, हुंकार तरी जमेल. हूं म्हणायला काय लागतं, ओठसुद्धा उघडावे लागत नाहीत. म्हणून शेवट ती स्वतःच सांगायला लागली. पण तिचे शेवट तिच्यासारखे. नायक मेला, आई उघडी पडली, जमीन भावकीनं खाल्ली. एक वाक्य बोलायची आणि थांबायची. हुंकार यायचा नाही. नियम म्हणजे नियम. ती पुढचं बोलायची नाही, गोष्ट तिथंच ठेवून भांडी घासायला जायची.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. माझ्या चित्रात एक हिरवा पट्टा यायला लागला होता. डोक्यावर चापट मारल्याशिवाय आवाज निघत नव्हता. मीही थकलो होतो. पण मला बिघडायची भीती वाटायची, कारण मीच बंद पडलो तर मग ती बंद कुणाला करणार?

आणि मग एके दिवशी, एका फौजदाराच्या सिनेमात, तिनं मला बंद केलं आणि नेहमीसारखी सुरुवात केली. मेला म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. खाटेवरच्या माणसाकडे बघत राहिली. मग खालच्या आवाजात, जणू तिला लाज वाटत होती, ती म्हणाली, "आन् मंग त्या फौजदारानं नोकरी सोडली. मेंढरं घेतली त्यानं."

पडवीत शांतता होती. बाहेर रुपाली कपडे वाळत घालत होती.

"हूं," आबा म्हणाले.

मित्रांनो, मी आयुष्यभर आवाज काढले. बंदुका, मोटारी, लग्नाच्या वराती. त्या एवढ्याशा हूंपुढे त्यातला एकही आवाज मला खरा वाटला नाही. घाईघाईनं पुढचं वाक्य बोलायचं सोडून अनसाबाईनं पदर तोंडात धरला आणि रडली. मग हसली. मग त्यांच्या पायावरचं पांघरूण उगीचच नीट केलं. तिला आता कळलं होतं की कुठला शेवट सांगायचा. सांगायला पुष्कळ सिनेमे शिल्लक होते.

संध्याकाळी शंभू शिफ्टवरून आला तेव्हा तिनं त्याला दारातच सांगितलं. तोही कंपनीच्या कपड्यात खाटेपाशी बसून रडला. चांगला मुलगा आहे तो. मला त्याचा राग येतो, पण तो चांगला आहे. त्याच्या डोक्यात एकच बसलं, की आबा सिनेमा बघून बोलले. मग हिरवा पट्टा आलेला हा डबा कशाला? दुसऱ्याच दिवशी त्यानं दौंडहून नवा टीव्ही आणला. भिंतीएवढा, पापडासारखा पातळ. लाईट गेली तरी बंद पडू नये म्हणून बॅटरी बसवली. त्यात जगातले सगळे सिनेमे होते आणि एक संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा.

अनसाबाई त्याला म्हणाली, "सिनेमानं न्हाई रं बाबा. बंद केला तवा बोललं ते."

"आये, आता बंद पडायचा प्रश्नच न्हाई," शंभू म्हणाला. "लाईट गेली तरी चालतोय."

त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की ती पुढं काही बोलली नाही. आई होती ना. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. मला शंभूनं आणि रुपालीनं उचललं आणि शेडमध्ये आणून ठेवलं. शेडची भिंत पडवीला लागूनच आहे, त्यामुळे मला ऐकू सगळं येत होतं.

ऐकू काय येत होतं? सिनेमा. नुसता सिनेमा. अनसाबाईनं सुरुवातीला तो बंद करायचा प्रयत्न केला. पण त्या रिमोटला बटणं फार. ती दाबायला जायची आणि दुसरंच काहीतरी लागायचं. एकदा खरंच बंद झाला तेव्हा रुपाली स्वयंपाकघरातून धावत आली, आत्या, चुकून दाबलं वाटतं तुम्ही, म्हणाली आणि मायेनं पुन्हा लावून दिला. शेवट आता दिसायला लागले. अनसाबाईनं त्यावरही मत दिलं. सगळे शेवट सारखेच, म्हणाली. मारामारी होते आणि मग फोटो काढायला उभं राहिल्यासारखी सगळी एका रांगेत उभी राहतात. ह्याच्यापेक्षा तुमचा बरा. हे ती आबांना म्हणाली, पण तोवर पुढचा सिनेमा सुरू झाला होता. कधी मध्येच ती मेंढरांचा शेवट सांगायला घ्यायची, पण गोष्ट शांतता मागते, आणि शांतता त्या घरात आता उरली नव्हती. आबा त्या मोठ्या काचेकडे बघत पडून राहायचे. त्यांनी परत हुंकार दिला नाही. किंवा दिला असेल. कोण सांगणार?

रानात ज्वारी हुरड्याला आली होती. दुपारची वेळ. सिनेमात गाणं लागलं, म्हणून ती सवयीनं चहा ठेवायला उठली. स्वयंपाकघरातून तिनं विचारलं, "आवो, घेताय न्हवं जरासा च्या?" गाणं जोरात होतं. ती थोडी थांबली. मग दोन कप घेऊन बाहेर आली, तेव्हा आबा गेले होते.

तिनं आरडाओरडा केला नाही. कप खाली ठेवले आणि अंगणातल्या रुपालीला विचारलं, "तुला काय आयकू आलं का गं? हूं म्हनल्यागत?" रुपाली म्हणाली, नाही आत्या. मी भिंतीला लागून होतो, पूर्ण कान देऊन होतो. मलाही गाणंच ऐकू आलं. घरात माणसं जमली, रडारड झाली, आणि बराच वेळ कुणाच्या लक्षात न आल्यामुळे तो सिनेमा शेवटापर्यंत चालला.

तेरावा झाला. नवा टीव्ही आता शंभूची मुलं बघतात. अनसाबाई बघत नाही. ती दुपारी शेडमध्ये येते, कोंबडीला हुसकावते, पदरानं माझी काच पुसते आणि कडब्याच्या पेंढीवर बसते. माझी वायर कधीच कापलेली आहे. माझ्यात काही दिसत नाही, तिचं तोंड तेवढं अंधूक दिसतं. ती माझ्याकडे बघते आणि सांगायला लागते, "आन् मंग त्या फौजदारानं नोकरी सोडली. मेंढरं घेतली त्यानं."

आणि थांबते.

मी काय करू? इतकी वर्षं माझ्या पोटातून हजारो माणसं बोलली. राजे बोलले, चोर बोलले, देव बोलले. आज मला एक हूं काढता येत नाही. ती वाट बघते. कोंबडी परत येऊन माझ्या डोक्यावर बसते. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठते आणि जाते. दुसऱ्या दिवशी येते ती त्याच वाक्यापाशी. फौजदाराची मेंढरं अजून घाटाच्या अलीकडंच उभी आहेत आणि ती आता घाट उतरतील असं मला वाटत नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, जपून ठेवा, असं मी मागणार नाही. भंगारवाला बाजारच्या दिवशी वस्तीवर येतो. आज ना उद्या शंभू त्याला माझ्याकडे बोट दाखवेल आणि ते बरोबरच असेल. पण तुमच्या घरात कुणी काही सांगत असेल, तेच तेच सांगत असेल, धडधडीत खोटं सांगत असेल, तर हातातलं खाली ठेवा, चालू आहे ते बंद करा आणि हूं म्हणा. फार मोठं काम नाही ते. ओठसुद्धा उघडावे लागत नाहीत.

एवढा वेळ मी तुम्हाला माझी गोष्ट सांगत होतो. मध्ये तुमच्यापैकी कुणी हूं म्हणालं का? मला तरी ऐकू आलं नाही.